पोल नंबर एकसष्ट

शिडी धरायला इम्तियाज, वर चढायला मी.
बारा वर्षं झाली,
सातपूरपासून जेलरोडपर्यंत
लोकांच्या भिंतींना डोळे लावतोय.
ड्रिलची भुकटी पापणीत जाते,
लोकांना वाटतं, यानं फार बघितलंय.

बघत काही नाही. ऐकतो.
शिडीवरच्या माणसाला लोक भिंतीतच धरतात.

इंदिरानगरात वडनेरेबाई म्हणाल्या,
"गेटवर हवा, जिन्यात हवा, लिफ्टमध्ये तर हवाच.
फक्त आमच्या दाराकडे तोंड नको.
काय आहे, येतं जातं कोणी."
कोण, ते मी विचारलं नाही.
चार स्क्रू, पाऊण तास, बिल वेगळं.

मेनरोडचे मौले सराफ तावातावाने,
"माझ्या दुकानात कोण आलं,
सरकारला काय करायचंय?"
आणि त्याच दमात, आवाज खाली,
"त्या पोऱ्याच्या गल्ल्यावर एक लाव.
बोललेलं ऐकू येईल असा."

म्हसरूळचे भोर मास्तर हेल्मेटसक्तीच्या विरुद्ध होते.
"डोकं माझं, फुटलं तर माझं!"
मग पाचशेची पावती फोटोसकट आली.
डोकं उघडं होतंच.
पण मागच्या सीटवर कोण,
हे घरात विचारलं गेलं.
तेव्हापासून मास्तर हेल्मेटचं नाव काढत नाहीत,
प्रायव्हसीवर बोलतात.

इम्तियाज शिडी धरून हसतो.
एकदाच म्हणाला, भद्रकालीत, वायर सोलता सोलता,
"कॅमेरा होता म्हणून भाचा सुटला.
नाहीतर नाव पुरेसं होतं."
आणि थोड्या वेळानं,
"पण त्या चौकात आता तो थांबत नाही."

मी कोण मोठा शहाणा?
बारावीतल्या पोरीच्या फोनवर मीच ॲप टाकलं.
दिवसभर निळा ठिपका बघायचो,
मखमलाबाद नाक्यावर, पट्ट्याला लटकून.
एक दिवस ठिपका कॉलेजात तीन तास हलला नाही.
केवढा अभिमान वाटला.
संध्याकाळी म्हणाली,
"पप्पा, तुम्ही फोनवर लक्ष ठेवलंत.
फोन कुठेच गेला नव्हता."
आमच्या हिनं पोळी उलटली. कोणीच काही बोललं नाही.

मग सिंहस्थाचं टेंडर निघालं.
गंगेवर ओळीनं पोल.
कागदावर लिहिलेलं : पोल एकसष्ट, बावीस अंश खाली.
मोबाइलवर चित्र तपासलं, तर
चहाची गाडी, उंबराखालचं बाकडं,
एका कटिंगमध्ये दोघं, पोरगा पोरगी,
गंगेवर धुणं आपटून केस मोकळे करून बसलेली एक म्हातारी,
सिव्हिलमधून आलेला कोणी बूट उशाला घेऊन झोपलेला,
आणि कोपऱ्यात, डॉक्टरांनी आणि बायकोनं
बंद केलेली बिडी ओढणारा इम्तियाज.
मी वरून हाक मारली.
"भाई, मी पण दिसतो?"
"नखसुद्धा."

ठरवलं असं काही नव्हतं.
नट आवळताना हात वर गेला म्हणा.
बावीसचा शून्य झाला, शून्याच्याही वर.
पडद्यावर पानं आली,
पानांमागे आभाळ, एक खार.
सही घेतली, उतरलो,
त्याच बाकड्यावर चहा प्यालो.

तिसऱ्या दिवशी कंट्रोल रूमचा फोन,
"एकसष्टमध्ये नुसता उंबर दिसतोय हो."
"वाऱ्यानं फिरला असेल साहेब. उद्या येतो."

आज आठवा उद्या.
काल त्या बाकड्यावरून
कोणा बाईची पर्स गेली म्हणे,
आत पैसे कमी, औषधाच्या चिठ्ठ्या जास्त.
चहावाल्यानं सांगितलं, मी साखर ढवळत राहिलो.
विरघळली होती केव्हाच.

शिडी गाडीवर बांधलेली आहे.
इम्तियाज विचारतोय, कुठे घ्यायची.